मे महिन्याचा नकाशा: नवं राष्ट्रीय उद्यान कागदावर कसं उभं राहतं

माझं काम नकाशे करण्याचं. उपग्रहाची चित्रं उतरवायची, त्यावर नाले, पांदण रस्ते, गावांच्या शिवा आणि जंगलाचे कक्ष आखायचे, आणि जो मागेल त्याला छापून द्यायचे. गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा संगणकावर असंच एक जंगल उघडं होतं. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मामा, जंगलाले प्लॅन कायले पायजे? ते तं आपोआप वाढते. कुंपण घाला, माणसं काढा, वाघ येतेच."

नागपुरात वाघावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. ताडोबा, पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, सगळं काही तासांच्या अंतरावर. पण उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाघ येतो, आणि आराखडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी येतं गवत, मग पाणी, मग आग, मग माणसं. वाघ त्या यादीत फार खाली असतो. हे त्याला चहा संपेपर्यंत सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितो.

सोयीसाठी एक जंगल कल्पनेत घेऊ. नागपूरहून दीड तासावर, ३०० चौरस किलोमीटर. (तुलनेसाठी: महाराष्ट्राच्या बाजूचं पेंच राष्ट्रीय उद्यान २५७ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.) आत साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, नाल्याकाठी जांभूळ, उतारावर बांबू. दोन जुने मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी, जमीनदारांनी, शेतीसाठी बांधलेले. आत चार गावं, कडेनं वीसेक. जंगल काल्पनिक असलं तरी त्यात घातलेली एकही वस्तू पूर्व विदर्भाबाहेरची नाही. सरकारनं ठरवलं, याचं राष्ट्रीय उद्यान करायचं. पुढे काय?

आधी कागद

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३५ राष्ट्रीय उद्यानाचं. त्यात घोषणा एकदा नाही, दोनदा होते. पहिली अधिसूचना फक्त इरादा सांगते: अमुक हद्दीतलं जंगल उद्यान करण्याचा विचार आहे. मग जिल्हाधिकारी त्या भागातल्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतो आणि लोकांचे हक्कदावे मागवतो. कोणाची शेती आत आहे, कोणाची गुरं कुठल्या वाटेनं पाण्यावर जातात, हे सगळं नोंदवून, तपासून, निकाली काढून, ते हक्क सरकारकडे आल्यानंतरच दुसरी, अंतिम अधिसूचना निघू शकते. या दोन कागदांच्या मध्ये वर्षं जातात, आणि खरी भांडणंही तिथेच होतात.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक अनेकांना फक्त नावाचा वाटतो. तो फार मोठा आहे. अभयारण्यात जिल्हाधिकारी, मुख्य वन्यजीव रक्षकांचा सल्ला घेऊन, काही हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानाला नेमकी तीच सवलत कायद्यानं वगळली आहे, आणि गुरं चारायला तर सरळ मनाई आहे. म्हणजे ज्या कागदावर "अभयारण्य" ऐवजी "राष्ट्रीय उद्यान" लिहिलं, त्या एका शब्दानं चार गावांच्या गोठ्यांचा प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. विदर्भातल्या जुन्या गावांची निस्तार पत्रकं असतात. सरपण, बांबू, माती, गवत, गुरांची वाट, कोणत्या जमिनीवरून गावानं काय घ्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यातच झुडपी जंगल, म्हणजे दप्तरात याच नावानं नोंदलेली खुरट्या झुडपांची जमीन, ही खास आपल्या सहा जिल्ह्यांची भानगड. महसुलाच्या दप्तरात एक नोंद, वनखात्याच्या दप्तरात दुसरी, जागेवर कधी शाळा तर कधी नुसती बोराटीची झुडपं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ही जमीन वनच मानायची असं सांगितलं, तेव्हा कुठे या वादाला एक दिशा मिळाली. माझ्यासारख्या नकाशावाल्याला विचाराल तर नव्या उद्यानाच्या हद्दीतला सगळ्यात अवघड भाग डोंगर किंवा दरी नसतो. झुडपी जंगलाचे तुकडे असतात. तीन नकाशे एकावर एक ठेवले की तीन वेगवेगळ्या रेषा दिसतात आणि तिन्हींवर कोणाची तरी सही असते.

याशिवाय २००६ चा वनहक्क कायदा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून पूर्व विदर्भातली गावं या बाबतीत देशात सगळ्यात जागी आहेत. आतल्या गावांचे वनहक्क ओळखून मान्य केल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही, आणि हलायचं की नाही हे ग्रामसभेनं ठरवायचं. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अभयारण्यांचा व्यवस्थापन आराखडा आणि, वनहक्क कायदा लागू असेल तिथे, ग्रामसभेशी सल्लामसलत या गोष्टी थेट कलमात आल्या. उशिरा आल्या, पण आल्या.

ऑक्टोबर खोटं बोलतो

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जंगलाचे नकाशे सहसा पावसाळ्यानंतरच्या चित्रांवरून करतात. भारतीय वन सर्वेक्षण देशभरातलं जंगल मोजतं तेही ऑक्टोबर ते डिसेंबरच्या चित्रांवर, आणि त्यात शहाणपण आहे. तेव्हा ढग नसतात आणि झाडांवर पानं असतात. एप्रिलमध्ये आपला साग उघडाबोडका असतो; तेव्हाचं चित्र घेतलं तर भरदार जंगलही माळरान वाटेल.

पण हाच ऑक्टोबरचा नकाशा पुढे ठेवून कोणी पाण्याचं नियोजन करायला बसला तर फसला. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक नाला निळा असतो. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. जंगलातल्या जनावराचं आयुष्य उन्हाळ्याच्या त्या दहा-बारा आठवड्यांत ठरतं. म्हणून मी तरी दोन नकाशे करतो. ऑक्टोबरचा झाडांसाठी, मे महिन्याचा पाण्यासाठी. आपल्या काल्पनिक जंगलात पहिल्या नकाशावर चाळीस ठिकाणी पाणी दिसलं, तर दुसऱ्यावर सहा-सात ठिकाणीच दिसेल. ते सहा-सात ठिपके म्हणजेच मे महिन्यातलं खरं उद्यान. बाकीचं क्षेत्रफळ.

उपग्रहाचीही एक मर्यादा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, आणि त्यांची एक चौकट १० मीटरची असते. पण जांभळाच्या सावलीतला चार मीटरचा डोह त्यात दिसतच नाही. असा डोह मला एकदा एका जुन्या वनमजुरानं दाखवला होता. माझ्या नकाशावर तिथे नुसती तुटक रेषा होती, आणि प्रत्यक्षात काठावर अस्वलाचे ताजे पंजे. तेव्हापासून मी गावांची, नाल्यांची नावं आधी विचारतो. नावात झरी, डोह, बोडी, पौनी असं काही आलं की तिथे कधीतरी उन्हाळ्यात पाणी राहत होतं, असं धरून चालायचं आणि जाऊन पाहायचं.

पाणी कमी म्हणून काय करायचं? भाच्याचं उत्तर तयार होतं: बोअर मारा, सोलर पंप लावा, दर किलोमीटरवर टाकं बांधा. बरेचदा होतंही तसंच, कारण टाक्याचा फोटो छान येतो. पण पाणवठा फुकट नसतो. जिथे पाणी तिथे चितळं गोळा होतात, आणि त्याभोवतीचं गवत मुळापर्यंत खाल्लं जातं, जमीन खुरांनी तुडवून टणक होते. गर्दीत रोग पसरतो. लहानशा पाणवठ्यात विष कालवणं शिकाऱ्याला सोपं जातं. शिवाय उन्हाळ्यात कोरडा पडणारा भाग कोरडा पडला की तिथल्या गवताला काही महिने विश्रांती मिळते. सगळीकडे पाणी केलं तर कुठल्याच गवताला ती मिळत नाही. म्हणून चांगल्या आराखड्यात पाणवठे किती बांधायचे याइतकंच कुठे मुद्दाम बांधायचे नाहीत, हेही लिहिलेलं असतं. ही ओळ मी आराखड्यांत फार कमी वेळा पाहिली आहे.

माझं मत विचाराल तर नवं काही खोदण्याआधी दोन मालगुजारी तलावांची पाळ दुरुस्त करावी. शे-दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी जागा निवडली त्यांना उतार आणि माती आपल्यापेक्षा बरी कळत होती. नागपूर ही भूगर्भाच्या दृष्टीनं सांध्यावरची जागा आहे: पश्चिमेकडून आलेला काळा बेसाल्ट साधारण इथे संपतो आणि पूर्वेकडे जुने ग्नाइससारखे खडक लागतात. बोरच्या बाजूची काळी माती आणि भंडाऱ्याकडची मुरमाड जमीन पाणी सारखं धरत नाहीत. मुरमावर खोदलेलं तळं थंडी संपायच्या आत तळ दाखवतं. मातीचे नकाशे मिळवायला इथल्या माणसाला लांब जावं लागत नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचं मुख्यालय अमरावती रोडलाच आहे, आणि राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही याच शहरात. तरी टाकं कुठे बांधायचं हे पुष्कळदा सफारीची जिप्सी कुठवर जाते यावरून ठरतं. असो.

मालगुजारी तलावाला एक दुसरी बाजूही आहे. त्याच्या खालच्या अंगाला धानाची शेती असते आणि त्या पाण्यावर शेतकऱ्यांचा हक्क असतो. तलाव उद्यानात, शेत उद्यानाबाहेर. पाणी किती सोडायचं, कधी सोडायचं? हे आराखड्यात लिहिलं नाही तर पहिल्याच कमी पावसाच्या वर्षी पाळीवर काठ्या निघतात.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची तर पेंच. तोतलाडोह आणि त्याच्या खालचं नवेगाव खैरी, या धरणांचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. उन्हाळ्यात तोतलाडोहचं पाणी उतरत जातं तशी तळाची ओली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हिरवं गवत येतं. बाकी जंगल वाळलेलं असताना चितळांचे कळप तिथे उतरतात. म्हणजे धरणाची पातळी किती आणि कधी उतरते, याच्याशी चितळाचं पोट बांधलेलं आहे. नागपूरच्या घरात सकाळी नळ सुरू होतो तेव्हा आपण एका उद्यानाच्या व्यवस्थापनात भाग घेत असतो, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच तलावातल्या मासेमारीवरून मोठा झगडा झाला. विस्थापित आदिवासींना मध्य प्रदेशच्या बाजूनं दिलेल्या ३०५ परवान्यांचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मासे हीही नैसर्गिक संपत्तीच. ती आराखड्यात कोणाच्या रकान्यात टाकायची, हा प्रश्न आधी सोडवला नाही की न्यायालयात सोडवावा लागतो.

एका वाघामागे पाचशे

आता गवत. वाघांचा हिशोब इथूनच सुरू होतो. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळाएवढी जनावरं लागतात. आणि कळपातली दहा टक्क्यांच्या आसपास जनावरं दरवर्षी गेली तरी नव्या पिल्लांनी ती भरून निघतात. दोन्ही आकडे एकत्र ठेवा: एका वाघामागे सुमारे पाचशे खुरवाली जनावरं उभी हवीत. आपल्या ३०० चौरस किलोमीटरमध्ये दर चौरस किलोमीटरला वीस चितळ-सांबर धरले तर झाले सहा हजार, म्हणजे बारा वाघ. पण त्याच ताटात बिबट आणि रानकुत्रेही जेवतात, तेव्हा बारा हा आकडा वरच्या टोकाचा. गवत वाढलं तर चितळ वाढेल, चितळ वाढलं तर बारांचे पंधरा होतील. याच्याशिवाय वाघ वाढवायचा दुसरा मार्ग नाही, कितीही घोषणा करा.

ही चितळं मोजायची कशी? पूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपायचे. मीही बसलो आहे. रात्र सुंदर जाते, हिशोब मात्र कच्चा निघतो, कारण तेच सांबर दोन मचाणांवर दोनदा मोजलं जातं. आता सकाळी उजाडताच ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात, आणि जनावर दिसलं की ते आपल्यापासून किती अंतरावर, किती कोनात, ते लिहून घेतात. लांबची जनावरं कमी दिसतात हे गणितात धरलं की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

वाघासाठी पद्धत वेगळी. जंगलावर दोन-दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडतात आणि प्रत्येकीत समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात आणि प्रत्येक वाघाचे पट्टे त्याचे एकट्याचे. आपल्या जंगलात अशा दीडशे चौकटी होतील. पुढचं गणित घरी हरभऱ्यावर करून पाहता येतं. डब्यातून पन्नास हरभरे काढा, शाईचा ठिपका लावा, परत टाकून नीट हलवा. पुन्हा पन्नास काढा. त्यात दहा ठिपक्यांचे निघाले तर डब्यात अडीचशेच्या आसपास हरभरे आहेत. वाघांना ठिपका लावावा लागत नाही, ते पट्टे लावूनच येतात. दर चार वर्षांनी देशभर होणारी मोजणी याच तत्त्वावर चालते. २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, २०१४ मध्ये ते १९० होते.

गवताचा शत्रू गुरं, असं सरसकट म्हटलं जातं. तण हाही तेवढाच मोठा शत्रू आहे. एखादं गाव उठून बाहेर गेलं की त्याची शेतं पडीक राहतात आणि तिथे आपोआप हिरवळ होईल असं आपल्याला वाटतं. होतो तरोटा. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची कोवळी भाजी आपण आवडीनं खातो, पण चितळ त्याला तोंड लावत नाही. मग रानतुळस येते, घाणेरी येते. तरोटा फुलावर यायच्या आत उपटावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी दहापट. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते. तिचा बुंधा जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडून झुडूप उलटं करून ठेवावं लागतं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. त्या जागी मारवेल, पवन्या अशा खाण्याजोग्या गवतांचं बी पेरायचं, आणि तीन-चार वर्षं तेच काम पुन्हापुन्हा करायचं. आराखडा दहा वर्षांचा असतो तो यासाठी. एका निधीत, एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत गवताळ कुरण तयार होत नाही.

मोह, तेंदू आणि काडी

आग हा विषय लोकांना सर्वात चुकीचा कळलेला आहे. आपल्या पानगळी जंगलात मार्च-एप्रिलमध्ये विजेमुळे किंवा फांद्या घासून आगी लागतात हा समज सोडून द्या. जवळजवळ प्रत्येक आगीमागे माणूस असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं काही कारण असतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली वाळलेल्या पानांचा थर असेल तर ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा कचरा पेटवून देतात. तेंदूची नवी पानं जोमानं फुटावीत म्हणून कोणी रान पेटवतं. खरं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नीट खुटकटाई केली, म्हणजे तेंदूची झुडपं बुंध्याशी छाटली, तर आगीची गरजच पडत नाही. तेंदूपानाचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, पण घरातल्या रोकडीचा मोठा भाग त्यात येतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. भर उन्हात पानं तोडून, रात्री उशिरापर्यंत पुडे बांधून, दुसऱ्या दिवशी फडीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, नेणारी बाई जंगलाची वैरीण नसते.

वनखात्याकडून या बाजूनं होतं ते असं: १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा साफ करून, त्यांवरचा पाला आपणच जाळून मोकळ्या पट्ट्या केल्या जातात, म्हणजे एका कक्षातली आग दुसऱ्यात उडी मारत नाही. उपग्रहावरून आगीचा इशारा भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर येतो, आणि वनरक्षक पाठीवर पाला उडवणारा ब्लोअर घेऊन धावतात. पण ३०० चौरस किलोमीटरात वनरक्षक किती असतात? ब्लोअरपेक्षा मोहाखाली फुलं झेलायला अंथरायची जाळी स्वस्त पडते. कोणत्या गावाचे किती मोह, कोणत्या कक्षात, याची यादी आराखड्यात असेल तर आग कुठे लागणार हे फेब्रुवारीतच कळलेलं असतं. मी अशा मोहांचा एक नकाशा करून पाहिला आणि मागच्या काही वर्षांच्या आगीचे ठिपके त्यावर ठेवले. दोन्ही नकाशे इतके जुळले की मला आधी चूक झाली असं वाटलं.

पण इथे एक पेच आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय उद्यान झालं की आतला मोह वेचणंही बंद. म्हणजे जाळी वाटण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि पोटाचा प्रश्न उरतो. म्हणूनच काही जाणकार म्हणतात की प्रत्येक चांगल्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा शिक्का हवाच असं नाही; २००२ च्या दुरुस्तीनंतर संवर्धन राखीव क्षेत्राचा सौम्य पर्यायही कायद्यात आहे. आपल्या काल्पनिक जंगलापुरतं मी तरी आतला गाभा उद्यान आणि कडेचा मोहाचा पट्टा संवर्धन राखीव, असं आखीन. भाच्याला हे पटलं नाही. "अर्धं अर्धं कायले?" म्हणाला.

कडेच्या वीस गावांचं काम कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं. सरपण कमी व्हावं म्हणून गॅस, सौर कुंपण, बंदिस्त गोठे, दुधाळ जनावरं. यासाठी महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. कायद्याच्या कलम ३३अ प्रमाणे जवळच्या पाच किलोमीटरमधल्या गुरांचं लसीकरणही करावं लागतं, कारण खुरीसारखा रोग गोठ्यातून चितळांत जायला कुंपण पाहत नाही. आतली गावं स्वखुशीनं हलली तर, आणि हे व्याघ्र प्रकल्पात बसलं तर, कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज मिळतं. २०२१ च्या आधी ते १० लाख होतं. पैशापेक्षा नवी जमीन कुठली, तिला पाणी आहे का, हे लोक आधी विचारतात, आणि बरोबर विचारतात.

पर्यटनावर फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. व्याघ्र प्रकल्पांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन करता येतं. पण टक्का पाळला तरी शिस्त पाळली जाईलच असं नाही. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी अडवलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाड्यांची संख्या, दोन गाड्यांमधलं अंतर, कुठे वळायचं, हे सगळं आराखड्यात लिहायचं असतं. लिहिलेलं असतंही.

रेषेच्या पलीकडे

शेवटी हद्द. जय नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून निघून उमरेडच्या जंगलात आला, मध्ये शंभरएक किलोमीटर शेतं, रस्ते, नद्या, रेल्वे. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. ते कुंपण त्याच्यासाठी नव्हतंच, रानडुकरासाठी होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोरच्या जंगलातला बाजीराव नावाचा वाघ अमरावती रस्त्यावर गाडीखाली आला. तिघांपैकी एकाचाही शेवट उद्यानाच्या आत झाल्याची नोंद नाही.

म्हणून आराखड्यातला एक अख्खा नकाशा उद्यानाबाहेरचा असतो. नाल्याकाठचे झाडीचे पट्टे, झुडपी जंगलाचे तुकडे, महामार्गाखालून जनावरं जातील अशा जागा. पेंचजवळून जाणाऱ्या महामार्गाला उंच पूल आणि भुयारी वाटा करून घेतल्या, आणि कॅमेऱ्यात वाघासकट अनेक प्राणी त्याखालून जाताना दिसले. हे रस्ता बांधायच्या आधी सांगितलं तर खर्चात बसतं. नंतर सांगितलं तर बातमीत बसतं. विजेच्या कुंपणासाठी मात्र महावितरणची गस्त, गावातला तंटा मिटवणं आणि रानडुकराच्या नुकसानीचा वेळेवर मोबदला, हे तिन्ही एकत्र लागतं. नकाशावर रेष ओढून ते होत नाही.

अंतिम अधिसूचना निघाली की राष्ट्रीय उद्यानाची हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलता येत नाही. त्यामुळे सही होण्याआधी एकदा पूर्ण हद्द पायी फिरायची, असा माझा आग्रह असतो. सोबत तलाठी, वनरक्षक आणि प्रत्येक गावातली दोन माणसं, त्यांतली एक बाई, कारण सरपणाच्या आणि पाण्याच्या वाटा तिलाच ठाऊक. जीपीएसवर दर दोनशे मीटरला बिंदू घ्यायचा, आणि रेष कोणाच्या विहिरीवरून, कोणाच्या देवाच्या झाडावरून जाते ते वहीत लिहायचं. ३०० चौरस किलोमीटरच्या उद्यानाची हद्द वाकडीतिकडी धरून सहज शंभर किलोमीटर भरते, म्हणजे दहा-बारा दिवसांची पायपीट. ती मे महिन्यातच करायची. भाच्याला म्हटलं, येतोस का? तो म्हणाला, "मामा, मे मधी? डिसेंबरात नाही जमत का?"